टोपीताई आणि टिकाऊ फुगे

टोपीताईचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि तिच्या आईच्या तोंडी होतं. बाकी सगळीकडे ती टोपीताईच. औषधं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, आणि तिचं काम एका वाक्यात सांगायचं तर टोप्या काढण्याचं होतं. माणसांच्या नव्हे, रेणूंच्या.

हे जरा उलगडून सांगायला हवं. खोली रंगवायला काढली की रंगारी आधी दिव्याच्या बटणांवर कागद चिकटवतो, म्हणजे भिंत रंगते आणि बटणं वाचतात. औषधाचा रेणू बांधतानाही असंच असतं. त्याच्या अंगावर कुठेतरी अल्कोहोलचा एक कोपरा असतो, म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला बिलगलेला एक हायड्रोजन. हा कोपरा महा आगाऊ. रेणूच्या दुसऱ्या टोकाला काही काम काढलं की हा इकडून मध्ये तोंड घालतो आणि सगळ्याचा विचका करतो. म्हणून आधीच त्याच्या डोक्यावर बेन्झिल नावाची टोपी घालून त्याला गप्प बसवतात, बाकीची कामं उरकतात आणि अगदी शेवटी टोपी उतरवतात. गोम आहे ती शेवटीच. कागद ओढताना भिंतीचा पोपडा निघून चालत नाही.

त्यासाठी टोपीताईकडे पॅलेडियम होतं, कोळशाच्या मऊसूत भुकटीवर बसवलेला एक महागडा धातू. ही काळी भुकटी चिमूटभर घालायची आणि हायड्रोजन वायू सोडायचा. पॅलेडियम एका हाताने हायड्रोजनला धरतं, दुसऱ्या हाताने टोपीला, दोघांची गाठ घालून देतं आणि स्वतः नामानिराळं राहून पुढच्या रेणूकडे वळतं. टोपी सुटते, अल्कोहोल मोकळं होतं. टोपीताईने या एका कामात अर्धी नोकरी घालवली होती, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

टोप्या घालण्याचं काम तिच्या शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याचं. "एवढ्या जणांना टोप्या घातल्या, पण पोलिसांनी कधी हटकलं नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. नवा माणूस आला की तो एकदा व्हायचाच, आणि नवा माणूस नसला तरी व्हायचा.

घरी मात्र या कामाचं काही धड नव्हतं. घरी म्हणजे ती आणि तिची आई. आईने एकदा नीट समजून घ्यायचं ठरवलं आणि मन लावून ऐकलं. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे अल्कोहोलची टोपी काढायची. बाटलीचं बूच काढतात तसंच ना?"

"आई, बूच नाही गं."

"मग इतकी वर्षं शिकलीस कशाला?"

पुढे एक स्थळ आलं. मुलाच्या आईने चौकशी केली तेव्हा आईने अभिमानाने सांगितलं, की आमच्या मुलीच्या हाताखाली अल्कोहोल असतं, आणि तिच्याइतक्या हलक्या हाताने ते कुणालाच मोकळं करता येत नाही. ती मंडळी चहा अर्धा टाकून उठली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी टोपीताईची डावी भुवईही गेली होती. ती काळी भुकटी गाळणीवर कोरडी पडली की भडकते, हे पुस्तकात वाचलेलं तिने त्या दिवशी जवळून पाहिलं. भुवई परत आली, पण जरा वर. त्यामुळे तिचा चेहरा कायम कशाचंतरी नवल वाटल्यासारखा दिसायचा. दोन-तीन स्थळं त्या भुवईवरही अडली. मग आई थकली, टोपीताईने सुटकेचा निःश्वास सोडला आणि चाळिशी जवळ आली.

आता फुगे. मोठ्या कारखान्यात हायड्रोजनसाठी जाडजूड पोलादी भांडी असतात. या प्रयोगशाळेत तेवढी ऐपत नव्हती. तिथे हायड्रोजन साध्या रबरी फुग्यात भरायचा, फुगा सुईला बांधायचा, आणि ती सुई काचेच्या चंबूच्या रबरी बुचातून आत खुपसायची. फुगा वरून हळूहळू वायू सोडत बसतो. हसण्यासारखं वाटेल, पण पद्धत चांगली जुनी आहे. तर फुगे आणण्याचं काम टोपीताईकडे होतं, आणि फुग्यांचं दुकान प्रयोगशाळेच्या रस्त्यावरच, वळणापाशी होतं.

दुकानात मुलांच्या वाढदिवसाचं सगळं सामान मिळायचं. मेणबत्त्या, झिरमिळ्या, मुखवटे, शिट्ट्या. दुकानदार उंच, किडकिडीत, टोपीताईच्याच वयाचा. वडिलांचं दुकान सांभाळता सांभाळता लग्न करायचं राहूनच गेलं होतं. प्रत्येक शिट्टी विकण्याआधी वाजवून बघायची त्याची पद्धत होती, आणि वाजवून झाल्यावर तो ती बाहीला पुसून द्यायचा.

पहिल्या खेपेला त्याने विचारलं, "कोणाचा वाढदिवस, मॅडम?"

टोपीताईच्या डोळ्यांपुढे सगळं स्पष्टीकरण उभं राहिलं. रंगारी, बटणं, बेन्झिल, पॅलेडियम. तिकडे चंबू खोळंबला होता. ती म्हणाली, "आहे एकाचा."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. "आता कोणाचा?" "दुसऱ्याचा." तिसऱ्या आठवड्यात त्याने विचारलंच नाही. नुसतं कौतुकाने बघितलं आणि फुग्यांसोबत कागदी टोप्यांचं एक पुडकं फुकट बांधून दिलं. "मुलांना द्या," म्हणाला.

त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण पुडकं हातात घेऊन झाल्यावर कसं सांगणार? मग शिट्ट्या आल्या, मुखवटे आले, रंगीत चष्मे आले. मोजमापाची काचेची भांडी ठेवायच्या कपाटाचा एक खण या मालाने भरून गेला. चष्मेवाला अधूनमधून त्यातला वाघाचा मुखवटा घालून साहेबांच्या बैठकीला जायचं ठरवायचा आणि आयत्या वेळी कच खायचा.

दुकानदाराने मनाशी हिशेब मांडला, की बाई एकतर भरल्या घरातली आहे किंवा अनाथ मुलांचा सांभाळ करते. दुसरं त्याला जास्त आवडलं. तो चौकशी करू लागला. "मुलं बरी आहेत ना?" आणि टोपीताई, खोटं बोलायला नको म्हणून, चंबूंबद्दल खरं सांगू लागली. तिच्या टेबलावर बहुधा तीन चंबू एका वेळी चालायचे. मोठा, मधला, धाकटा. "मोठा बरा आहे," ती म्हणायची. "मधल्याचं कालच आटोपलं." दुकानदार समाधानाने मान हलवायचा. खोटं काहीच नव्हतं, आणि खरंही काही नव्हतं.

एकदा त्याने विचारलं, "फुगे कसे निघाले? तक्रार नाही ना?"

"छान आहेत," ती म्हणाली. "फक्त सकाळपर्यंत पिचकतात."

यात फुग्यांचा दोष नव्हता. हायड्रोजन इतका बारीक, की रबरातूनही पाझरून जातो. थोडा चंबूत जातो, थोडा हवेत. टोपीताई सहज बोलली आणि विसरली. दुकानदार विसरला नाही. मुलं सकाळी डोळे चोळत उठतात आणि बघतात तर फुगा सुरकुतलेला, हे चित्र त्याच्या काळजाला लागलं. पुढच्या खेपेला त्याने काउंटरखालून एक वेगळं पाकीट काढलं.

"हे खास तुमच्यासाठी," तो म्हणाला. "आता बघा कसे टिकतात ते."

टोपीताईला वाटलं, जाड रबराचे असतील. फुगे जरा बुळबुळीत लागले, पण नवीन मालाला पावडर-बिवडर असते म्हणून तिने लक्ष दिलं नाही. आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी सकाळी फुगे चंबूंवर टम्म उभे होते. प्रयोगशाळेत सगळ्यांनी येऊन पाहिलं. "याला म्हणतात माल!" चष्मेवाला म्हणाला आणि टिचकी मारून गेला.

त्याच दिवसापासून टोप्या निघेनाशा झाल्या.

कळायचं कसं, तर काचेच्या छोट्या पट्टीवर थेंब देऊन. पट्टी जांभळ्या दिव्याखाली धरली की टोपीवाल्याचा ठिपका वर दिसतो आणि बिनटोपीवाल्याचा खाली. टोपीताई पट्टी धरायची. खाली एक फिकट ठिपका, वर भला मोठा. म्हणजे काम सुरू झालं होतं आणि मध्येच बसकण मारली होती. तिने भुकटी वाढवली. गरम केलं. जोरात ढवळलं. दुसऱ्या डबीतली भुकटी वापरली. काहीही करा, पहिल्या तासात जेवढ्या टोप्या निघतील तेवढ्या, पुढे नाव नाही.

अशा वेळी प्रत्येक रसायनवाल्याच्या मनात एकच संशय येतो. पॅलेडियमला विषबाधा झाली. गंधकाचा अंश जरी आत गेला तरी हा धातू लुळा पडतो. आणि चष्मेवाल्याच्या एका पायरीत गंधक होतं.

"तू नीट धुतोस ना?" टोपीताईने विचारलं.

चष्मेवाल्याने चष्मा काढला. तो चष्मा काढायचा तेव्हा प्रकरण गंभीर असायचं. "ताई, माझ्या टोप्यांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

"नाव ठेवत नाही रे. धुतोस का विचारते."

"तुझी भुकटीच मेली असेल."

"माझ्या भुकटीला काय झालंय?"

दोघांनी बोलणं टाकलं. शेजारी शेजारी बसून ते चिठ्ठ्या पाठवू लागले. साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, स्वभावाने भित्रे पण दिसायला करारी. त्यांनी दोघांची बाजू ऐकली, दोघांनाही "बरोबर आहे" म्हणाले आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माल पाठवायची तारीख डोक्यावर होती. चष्मेवाल्याने रागारागात सगळा माल पुन्हा धुतला, इतका की निम्मा वाहून गेला. तरी टोप्या जागच्या जागी. टोपीताईचं जेवण कमी झालं. आईने ओळखलं, काहीतरी बिनसलंय. "सोडून दे ती नोकरी," म्हणाली. "दारूने कुणाचं भलं झालंय?"

अशाच एका संध्याकाळी टोपीताई दुकानात गेली. डोकं चंबूतच होतं.

"मुलं कशी आहेत?" दुकानदाराने विचारलं.

"मोठा, मधला दोघंही रडतखडत. पण धाकटा मात्र अजिबात हलत नाही."

दुकानदाराच्या हातातली शिट्टी तशीच राहिली. "हलत नाही म्हणजे?"

"सुरुवात चांगली करतो. वाटतं, आता होणार. मग थांबतो तो थांबतोच. गरम करून पाहिलं, रात्रभर ढवळून पाहिलं."

"ढवळून?"

"जोरात. काही उपयोग नाही. मला तर विषबाधेचा संशय आहे."

"विषबाधा!" दुकानदाराने काउंटर धरलं. "अहो मॅडम, कशाची?"

"गंधकाची. तो चष्मेवाला त्याला नीट धूत नाही, आणि बोललं की रुसतो. साहेबांचा तर जीवच नाही त्याच्यात. म्हणाले, आठवडाभर बघू, नाहीतर टाकून देऊ."

"टाकून!"

"मग काय करणार? किती दिवस सांभाळायचा?" टोपीताईने उसासा टाकला, फुगे पिशवीत टाकले आणि ती निघाली. दारात वळून म्हणाली, "फुगे मात्र तुमचे फार छान आहेत हं. तेवढेच टवटवीत असतात."

त्या माणसाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा मुलांचा डॉक्टर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता तो दाजींना घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकावर हजर झाला. बाई कुठे काम करते एवढं त्याला माहीत होतं. मुलंही तिथेच आत कुठेतरी ठेवली असणार, असा त्याने तर्क बांधला होता.

"मुलाला विषबाधा झालीय," त्याने रखवालदाराला सांगितलं. "डॉक्टर आणलेत. आत सोडा."

रखवालदाराने नोकरीत रुजू झाल्यापासून ज्याची वाट पाहिली होती तो क्षण आला होता. मूल कुठलं, कोणाचं, आत कसं आलं, असले प्रश्न विचारत न बसता त्याने भिंतीवरची काच फोडली आणि घंटा दाबली.

घंटा वाजली की हातातलं टाकून पटांगणात जमायचं, असा नियम. पांढऱ्या अंगरख्यांतली माणसं भराभर बाहेर आली आणि झाडाखाली रांगेत उभी राहिली. साहेब सगळ्यांच्या पुढे होते. त्यांचा पळण्याचा वेग कुणी कधी पाहिला नव्हता. दाजी बॅग उघडून, कानात नळी अडकवून तयारीत होते.

"मूल कुठे आहे?" ते ओरडले.

"कुठलं मूल?" साहेब म्हणाले.

"धाकटा!" दुकानदार पुढे झाला. "ज्याला तुम्ही टाकून देणार आहात तो! लाज नाही वाटत? आणि चष्मेवाला कोण तुमच्यात?"

सात-आठ जणांनी चष्मे काढून खिशात टाकले. खरा चष्मेवाला नेमका काढायला विसरला आणि दुकानदाराने त्याची कॉलर धरली. "पोराला आंघोळ घालायला काय होतं रे तुला?"

तेव्हा रांगेच्या टोकाला टोपीताईच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, आणि पाठोपाठ जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. ती पुढे आली. तोंड लाल झालेलं, भुवई वर.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "मूल नाहीये."

"गेलं?" दुकानदाराचा आवाज चिरकला.

"नाही हो! नव्हतंच कधी. धाकटा म्हणजे चंबू. काचेचा. मोठा आणि मधलाही तेच."

दाजींनी कानातली नळी काढून घडी घातली आणि मेहुण्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते पाहणं घरी बहिणीपर्यंत पोहोचणार हे सगळ्यांना कळलं. दुकानदार मात्र टोपीताईकडेच बघत होता.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग ते वाढदिवस?"



प्रसंग सावरला तो दाजींनी. कॉलेजात असताना त्यांना रसायनशास्त्राची गोडी होती, आणि सकाळ वाया गेलीच आहे तर तो चंबू तरी बघू, असं ते म्हणाले. साहेबांना पोलीस, वर्तमानपत्र वगैरे काही नको असल्याने त्यांनी पाहुण्यांना डोळ्यांवर लावायला जाड चष्मे दिले आणि स्वतः आत नेलं.

टेबलावर धाकटा होता. आत काळाकुट्ट द्रव गरगर फिरत होता आणि वर गुलाबी फुगा टम्म उभा होता. दाजी वाकून बघू लागले. दुकानदार मागे खांदे पाडून उभा होता. पण धंद्याचा माणूस तो. फुगा दिसला आणि त्याचं दुःख घडीभर बाजूला झालं.

"हा केव्हा भरलाय?"

"परवा," टोपीताई म्हणाली.

"परवा! बघा दाजी! सुरकुती तरी आहे का? औषधाची करामत आहे ही."

"कसलं औषध?" टोपीताईने विचारलं.

"फुगे टिकवायचं. परदेशातून येतं. गोंदासारखं असतं. पिचकारीने फुग्यात सोडायचं, बाहेरून चोळायचं, की आतून थर बसतो आणि हवा पाझरत नाही. एरवी मी कोणाला करून देत नाही. प्रत्येक फुगा हाताने चोळावा लागतो. पण तुमच्या मुलांसाठी म्हणून—" आणि तो थांबला, कारण मुलं नव्हती.

टोपीताईने चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याने टोपीताईकडे पाहिलं. भांडणानंतर पहिल्यांदाच.

तिने फुगा चिमटीत धरून अलगद सुई उपसली आणि उजेडात धरली. फुगा दाबला. सुईतून वारासुद्धा आला नाही. तिने बारीक तार घालून सुईचं तोंड कोरलं तेव्हा आतून पांढरा, चिवट, शेवयासारखा गोळा बाहेर आला. गोंद ओघळून सुईत उतरायचा आणि चंबूत सगळं ज्यात विरघळवलेलं असायचं त्या मिथेनॉलच्या वाफा लागल्या की तिथेच थिजायचा. पहिला तासभर हायड्रोजन आत जायचा. मग भोक बंद. पॅलेडियम बिचारं ठणठणीत होतं. त्याला कुणी हायड्रोजनच देत नव्हतं. आणि फुगा टवटवीत होता म्हणून सगळे त्याचं कौतुक करत होते; फुगा खाली बसत नाही याचा अर्थ वायू कुठे जातच नाही, हे शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं, ते एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. टोपीताईला तर नाहीच नाही.

कपाटाच्या तळाशी जुन्या पाकिटातला एक साधा फुगा सापडला. नवीन सुई लावली. दुपारपर्यंत फुगा मान टाकून लोंबायला लागला आणि तो लोंबलेला फुगा बघायला सगळी प्रयोगशाळा लोटली. जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरली. एकच ठिपका, खाली. चष्मेवाल्याने माफी मागायला लावली. टोपीताईने मागितली. त्याने ती इतक्या मोठ्या मनाने दिली, की तिला ती परत घ्यावीशी वाटली. माल वेळेवर गेला. साहेबांनी सर्वांना "बरोबर आहे" म्हटलं.

या गडबडीत दुकानदार केव्हा निघून गेला ते कुणाला कळलंच नाही.

टोपीताई दुसऱ्या दिवशी दुकानात गेली. तो पाठमोरा झिरमिळ्या लावत होता.

"काय देऊ?" त्याने वळून न बघता विचारलं. 'मॅडम' गळलं होतं.

"मी खरं सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. लांबलचक होतं म्हणून टाळलं, मग टाळत गेले."

"माझी चूक. माझ्या गोंदाने तुमचं नुकसान झालं."

"गोंदाचं जाऊ द्या."

तो बराच वेळ झिरमिळी सरळ करत राहिला. मग म्हणाला, "मी तीनचाकी बाजूला काढून ठेवली होती."

"कोणासाठी?"

"कोणासाठी काय? धाकट्यासाठी. हलायला लागल्यावर दिली असती."

काउंटरमागे खरोखरच एक लाल तीनचाकी सायकल उभी होती, हँडलला रिबन बांधलेली. टोपीताईने तिच्याकडे बघितलं. चंबू तीनचाकीवर बसलाय, वर गुलाबी फुगा, असं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न केला तसं जास्तच फुटलं. आपण अशा वेळी हसतोय याची तिला लाज वाटली, आणि लाजेने आणखी हसू आलं. दुकानदार आधी दुखावल्यासारखा बघत राहिला. मग त्याच्याही ओठांचा कोपरा हलला, आणि मग तो काउंटरवर डोकं टेकून खांदे गदागदा हलवत हसायला लागला. बाहेरून जाणाऱ्या एका बाईने आत डोकावून बघितलं आणि आपल्या मुलाला घेऊन पलीकडच्या बाजूने निघून गेली.

पण गोष्ट तिथे जमली नाही, उलट अडली. झाल्या प्रकाराने साहेबांची झोप उडाली होती. त्यांनी वरच्या लोकांकडे धरणं धरून हायड्रोजनसाठी चांगलं पोलादी भांडं मागवून घेतलं. चकचकीत, दाब दाखवणारं घड्याळ बसवलेलं. प्रयोगशाळेला फुग्यांची गरज उरली नाही. टोपीताईने भांड्याचं कौतुक केलं आणि आठवडाभर तिला चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. येताजाता ती दुकानासमोर चाल मंद करायची. एकदा थांबून खिडकीतल्या मेणबत्त्या बघितल्या. एकदा आत गेली आणि फुग्यांचं पाकीट घेऊन आली, जे कशालाच लागणार नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी ती आत शिरली. दुकानदाराने सवयीने पाकीट काढलं.

"फुगे नकोत," ती म्हणाली.

"मग काय देऊ?"

"काही नको."

त्याने पाकीट परत खाली ठेवलं. मग त्याने काउंटरमागून स्टूल काढलं, बाहीने पुसलं आणि पुढे सरकवलं. "मग बसा," म्हणाला.

ती बसली. पुढे रोजच बसू लागली. दुकानात गिऱ्हाइकं येत-जात राहायची, आणि मधल्या वेळात तिने त्याला रंगारी, बटणं, टोपी, पॅलेडियम सगळं सांगितलं. लांबलचक होतं खरं. पुरतं सांगायला बऱ्याच संध्याकाळी गेल्या, आणि दोघांनाही त्याची घाई नव्हती. त्याने विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "टोपी काढल्यावर त्या अल्कोहोलला थंडी वाजत नाही?" ती म्हणाली, असं कुणी विचारलेलं नाही.

आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "फुगे विकतो? चला, निदान जावयाचा धंदा तरी मला कोणाला सांगता येईल." लग्न नोंदणी कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून दाजींनी सही केली आणि सही करताना म्हणाले, की या वेळी समोर खरी माणसं आहेत याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली आहे. चष्मेवाल्याने वाघाचा मुखवटा अखेर घातला. साहेब दचकले.

दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार सुरू झाला. स्वयंपाक त्याचा, तो चांगला करायचा, फक्त मिठाचा अंदाज कायम चुकायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने आमटीचं पातेलं उतरवलं, पळी तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "जरा बघ गं, मीठ बरोबर झालंय का."

टोपीताईने पळीवरून हाताने हवा हलकेच आपल्याकडे ओढली आणि लांबूनच हुंगलं. समोरचं काहीही तोंडात घालायचं नाही, ही प्रयोगशाळेतली वर्षानुवर्षांची शिस्त होती.

"अगं, वास घेऊन मीठ कळतं का?"

"नाही कळत," ती म्हणाली. तिने पळीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि डोळे घट्ट मिटून एक घोट घेतला. आमटी खारट होती, चांगलीच खारट.

"झकास झालीय," ती म्हणाली, आणि ताट वाढायला बसली.